सोनाबाईच्या डब्यातले गळे

कडावात दोन वर्षांमागं एक बातमी फिरली होती. गाठवणाऱ्या सोनाबाईनं म्हणे देवीच्या माळेतला सोन्याचा मणी गिळला. मोठ्यानं असं कुणीच बोललं नाही. गिरणीत दळण टाकायला आलेल्या एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, दुसरीनं "आपल्याला काय करायचंय, बाई" असं म्हणत तिसरीला सांगितलं, आणि तिसरीची बहीण कळंबला दिलेली. भाताच्या दाण्याएवढा निघालेला मणी कळंबला जाऊन परत येईपर्यंत करवंदाएवढा झाला होता. येताना त्याला शेपूटही फुटलं होतं. म्हणे, देवी गिळणाऱ्याला काही करत नाही, ती पोटच्या पोराला धरते. आईनं गिळलेला मणी लेकीच्या गळ्यात येऊन अडकला. खोटं वाटत असेल तर अक्षदाचा गळा बघा.

अक्षदाचा गळा बघायला कुणाला मुद्दाम जायची गरज नव्हती. कर्जतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली ही वीस वर्षांची पोर रोज सकाळी साऱ्या बाजारासमोर रिक्षाला उभी राहायची. गळ्याच्या खालच्या अंगाला, मधोमध, दोन्ही बाजूंना पाकळ्या पसराव्यात तसा फुगवटा. पाणी प्यायली की तो वर जाऊन खाली यायचा. मणी हललेला आपण स्वतः पाहिला असं शपथेवर सांगणाऱ्या निदान चार बायका गावात होत्या.

सोनाबाई कोण, हे परगावच्यांना सांगायला हवं. कडावच्या बाजारात किराणा दुकानाच्या ओट्यावर एक बाई पाय लांब करून बसलेली असते. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवलेला, मांडीवर काळे मणी, तोंड बंद आणि कान उघडे. तीच. वय पंचेचाळीस, माहेर पोशीरचं. मंगळसूत्र तुटलं, ठुशीचा गोंडा सैल झाला, पुतळ्यांची माळ पुन्हा गाठवायची, नव्या सुनेची पोत ओवायची, काही असलं तरी पंचक्रोशी तिच्याच पुढ्यात. दर नवरात्राआधी वेशीवरच्या देवीची माळसुद्धा तीच नव्यानं ओवायची. बातमी फिरली त्या वर्षी बावन्नच्या जागी एकावन्न मणी भरले. सोनाबाई म्हणाली, "एक मणी चिरला व्हता. गुरवाला विचारा." गुरवाला कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मजाच संपली असती.

तर गळा हा सोनाबाईचा धंदा. ठुशी मानेला चिकटून बसते. जरा आखूड झाली तर बाईचा जीव गुदमरतो, जरा सैल झाली तर दागिना छातीवर लोळतो. म्हणून सोनाबाई आधी गळ्याभोवती दोरा फिरवते, आत दोन बोटं घालते आणि तिथं गाठ मारते. त्या दोऱ्याला त्या बाईच्या झंपराची चिंधी बांधली की ओळख पटली. पुढं माप वाढलं तर त्याच दोऱ्यावर पुढची गाठ. वही नाही, पेन नाही. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात पंचवीस वर्षांचे गळे गुंडाळून ठेवलेले.

आणि या धंद्याचा एक नेम. एकीचं माप दुसरीला सांगायचं नाही. नेरळच्या ज्या म्हातारीनं सोनाबाईला हे काम शिकवलं, तिनं सुई हातात देण्याआधी हेच वदवून घेतलं होतं. गळा कळला की दागिना कळतो, दागिना कळला की जावाजावांत जुंपते. सोनाबाईनं हा नेम इतका पाळला की नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. शिवाय सांगण्यासारखं त्यात आहे काय, असंच ती समजायची. लग्नानंतर बाईचं माप वाढलं की ती गाठ मारता मारता हसून म्हणायची, "गळा भरला गं. सुखात हायेस." आणि बाई लाजायची.

हे सुखाचं वाक्य तिच्यावर कसं उलटलं, तीच ही गोष्ट.

अक्षदा लहानपणापासून वाऱ्यावरची. शाळेत बाकावर बसवली की दुसऱ्या मिनिटाला खिडकीत. बाईंनी दर वर्षी प्रगतिपुस्तकात तेच लिहिलं, मुलगी हुशार आहे पण एका जागी बसत नाही. छाती सदा धडधडायची. रात्री आईच्या कुशीत झोपली की सोनाबाईला वाटायचं, पोरीनं चिमणी गिळलीय. पंधराव्या वर्षी गळा दिसायला लागला. रक्त तपासलं, थायरॉइड वाढलंय म्हणाले, ते कमी करायच्या गोळ्या दिल्या. वर्षभर गोळ्या खाऊन गळा कमी व्हायच्या ऐवजी दीडपट झाला. मग यंदा शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननं सांगितलं, काढून टाकू. मंगळवारची तारीख मिळाली. फक्त जवळच्या एखाद्या डॉक्टरची ऑपरेशनला हरकत नाही अशी सही आणा म्हणाले.

त्या एका सहीसाठी मायलेकी कर्जतला डॉक्टर पद्मजाकडे गेल्या. मंगळवारला अकरा दिवस होते.

पद्मजाबाई कर्जतच्याच. वडील, आजोबा, सगळे शिकवणारे. ती मुंबईत शिकून परत आली आणि स्टेशनजवळ दवाखाना थाटला. माणूस गोड, पण कागद हातात आला की मास्तरीण. तिनं सगळे रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे लावले. अक्षदाची नाडी मोजली, गळ्यावर बोटं ठेवून "गिळ" म्हणाली. पुन्हा कागद पाहिले. पेनाचं टोपण उघडलं आणि परत लावलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

सोनाबाईला वाटलं, पोरीचं हृदय गेलं. तिनं टेबलाची कड धरली.

"तसं नाही हो, बसा. अक्षदा ठणठणीत आहे. मला भीती वाटते ती ऑपरेशनची. ही गाठ काढून उपयोग नाही, कारण हिच्या गाठीत खोटच नाही."

"नाय कशी? ही दिसत्ये ना समोर."

पद्मजानं जरा विचार केला. मग खुर्ची पुढं ओढली. "सोनाबाई, समजा एका घरात सासू बहिरी आहे. सून भात रांधते. सून सांगते, झाला भात. सासूला ऐकू येत नाही. सासू ओरडते, अजून टाक. सून टाकते. पातेलं उतू चाललंय, तरी सासू म्हणते, अजून. राबून राबून सून फुगलीय. ही गळ्यातली गाठ म्हणजे ती सून. डोक्यात एक लहानशी ग्रंथी असते, ती सासू. घरात एवढा भात झाला की सासूनं गप्प बसायला हवं, म्हणजे या कागदावरचा हा तिसरा आकडा तळाला जायला हवा. तो गेलेलाच नाही. ती अजून ओरडतेय. एकाही डॉक्टरनं हा आकडा नीट पाहिलेला दिसत नाही."

"आणि धडधड?"

"घरात एक दीर आहे, त्याचे कान मात्र चांगले आहेत. सगळा भात बिचाऱ्याच्या पानात पडतो. ते हृदय. त्याला एक साधी गोळी पुरेल."

अक्षदा पहिल्यांदा हसली. सोनाबाई हसली नाही. पाच वर्षं ज्या गाठीला ती शिव्या देत होती, ती निर्दोष असल्याचं तिला आत्ता कळत होतं. "म्हंजे आमी सुनेलाच घराभायेर काढाय निगालो व्हतो," ती हळूच म्हणाली.

"हो. आणि ती गेली की उपाशी राहील सगळं घर. मग जन्मभर बाहेरून भात आणायचा, तोही बहिऱ्या सासूला पुरेल एवढा."

पुढचं मात्र पद्मजानं जपून सांगितलं. असा आकडा दोन कारणांनी येतो. एक तर डोक्यातल्या त्या ग्रंथीलाच बारीक गाठ असते, नाहीतर हा बहिरेपणा रक्तातून आलेला असतो. आईकडून किंवा बापाकडून. ज्याच्याकडे असेल त्याच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना तो मिळतो. जनुकाची तपासणी करता येते, पण तिचं उत्तर यायला महिना-दीड महिना. तोवर रक्ताच्या नात्यातल्या आणखी कुणाचे आकडे असेच निघाले, तर ती सर्जनशी बोलून ऑपरेशन थांबवू शकते. तिनं लगेच फोनही लावला. सर्जननं पुरावा मागितला, ऑपरेशनच्या आदल्या सोमवारपर्यंत.

"घरात कुणाचा गळा असा आहे? कुणाची छाती धडधडते?"

"कुणाची नाय," सोनाबाई म्हणाली. आणि तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

त्याच दिवशी तिनं आपलं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी पोशीरला जाऊन भाऊ हरेशला ओढून आणलं. हरेशनं हात पुढं करत विचारलं, "ताये, येवढं रक्त दिल्यावर कोंबडी तरी घालशील ना गं?" तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. दोघांचे आकडे सरळ निघाले. पद्मजा म्हणाली, "मग वडिलांचं बघायला हवं."

वडील म्हणजे वाल्मिक. शेतात निघालेला नाग काठीनं उचलून टेकडीवर सोडून येणारा, आणि सुईचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसणारा. पण सुई हे निमित्त. खरं दुखणं वेगळंच होतं.

"आमच्या घरात असलं काय नाय," तो म्हणाला. "आमचा बाप ऐंशी वर्सं जगला. जे आलं ते पोशीरकडनं आलंय, नायतर देवीकडनं. त्यो गळा मंगळवारी जाऊ दे. गेला म्हंजे लोकांची त्वांडं बंद हुतील, आणि पोरीला चांगलं ठिकाण बघता यील."

"लोक काय बोलत्यात?" सोनाबाईनं विचारलं.

वाल्मिक जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला ठाव नाय व्हय? तू मणी गिळलास म्हनून."

सोनाबाईला खरंच ठाऊक नव्हतं. अख्ख्या पंचक्रोशीचं ऐकणाऱ्या बाईच्या कानावर तेवढंच आलं नव्हतं. दोन वर्षं तिच्या पुढ्यात बसून, गळा तिच्या हातात देऊन बायका हे मनात धरून होत्या. ती चुलीपुढं बसली ती बसलीच. भाकरी तव्यावर जळून काळी झाली. अक्षदानं येऊन ती उलथली, तेव्हा कुठं तिचं लक्ष गेलं.

"तुमाला बी तसंच वाटतं?" तिनं विचारलं.

"मला काय वाटायचं," वाल्मिक म्हणाला आणि बाहेर गेला. सहीचा कागद त्यानं खिशात घातला होता. कर्जतला डॉक्टर काय एकच आहे?

शुक्रवार उजाडला. मंगळवारला चार दिवस. डोकं ठिकाणावर नसलं तरी काम थांबत नाही. वाल्मिकची थोरली बहीण गौराबाई कळंबला दिलेली, तिच्या जिजाचं लग्न ठरलं होतं. नवरा खालापूरचा, खोपोलीला कंपनीत. जिजाचं गळ्याशी बसणारं आखूड मंगळसूत्र गाठवायचं सोनाबाईकडे होतं. पंधरा दिवसांमागं मायलेकी येऊन माप देऊन गेल्या होत्या. दुपारी ओट्यावर सामसूम झाल्यावर सोनाबाईनं डबा उघडला आणि जिजाचा दोरा शोधायला लागली.

पोपटी चिंधीचा जिजाचा दोरा सापडला. त्याला गुंतून दुसरा एक बाहेर आला. जांभळी चिंधी. हा गौराबाईचा. जिजाच्या बारशाला केलेल्या ठुशीची त्यावर पहिली गाठ. गुंता सोडवायला सोनाबाईनं दोन्ही दोरे भिंतीच्या खिळ्याला शेजारी शेजारी टांगले.

लेकीची गाठ आणि आईची पहिली गाठ एका रेषेत आली.

आता सोनाबाईच्या हातांनी हजार गळे मोजलेले. जिजा कशी, तर बांगडी कोपरापर्यंत सरकेल एवढी सडपातळ. त्या अंगाला एवढा गळा असत नाही. गौराबाईच्या दोऱ्यावर पहिल्या गाठीखाली आणखी सहा गाठी होत्या. तेवीस वर्षांत सहा वेळा ठुशी वाढवलेली. आणि बांगडीचं माप? बांगड्या गौराबाई बाजारात तिच्याच सोबत भरायची. पहिल्यापासून तेच माप, कधी वाढलंच नाही. हात सुखी झाले नाहीत, फक्त गळाच तेवढा सुखी झाला?

सोनाबाईनं डब्यात पुन्हा हात घातला. खाकी चिंधी, वाल्मिकची. त्याच्या गळ्यातला काळ्या दोऱ्यातला रुद्राक्ष दर वर्षी तीच नव्यानं बांधते. चार गाठी. दर गाठीला ती हसून काय म्हणाली होती, ते तिला शब्दन्शब्द आठवलं. मग अक्षदाचा दोरा. तीन गाठी. चार दोरे खिळ्याला वाऱ्यावर हलत होते, आणि हे सगळं तिच्याच हातांनी, गाठ गाठ करून, तिनंच लिहून ठेवलं होतं.

आणि मग तिला सासरा आठवला.

सासरा, कमळ्यातात्या, जाऊन आठ वर्षं झाली. बारा महिने गळ्याला मफलर. वैशाखात भाताचा पेंढा रचतानासुद्धा मफलर. गाव म्हणायचं, तात्या शौकीन माणूस. भिंतीवरच्या फोटोतसुद्धा लाल चौकडीचा मफलर. सतरा वर्षं एका घरात राहून सोनाबाईनं सासऱ्याचा गळा एकदाही पाहिला नव्हता. ज्या बाईनं सगळ्या तालुक्याचे गळे मोजले तिनं.

ती ओट्यावर तशीच बसून राहिली. किराणावाला म्हणाला, "वयनी, उन्हाचा त्रास व्हतोय काय?" तिनं मान हलवली. मणी मांडीवरून ओघळून ओट्याखाली गेले, तेही तिला कळलं नाही.

वाल्मिकला हे सांगून उपयोग नव्हता. तो ऐकायचा फक्त थोरल्या बहिणीचं. म्हणजे गौराबाईलाच धरायला हवं. पण नेम? एकीचं माप दुसरीला नाही. सोनाबाई रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे तिच्या लक्षात आलं, की ज्याचा गळा त्यालाच दाखवला तर नेम मोडत नाही.

शनिवारी सकाळी डबा पिशवीत घालून ती कळंबला गेली. गौराबाईचं घर रस्त्यालगत, पलीकडं एक रिसॉर्ट झालेलं, तिथं सकाळीच गाणी लागलेली. गौराबाई लग्नाचे पापड वाळत घालत होती. पन्नाशीची ठसठशीत बाई. डोक्यावरचा पदर गळ्याभोवती एक वेढा देऊन घेतलेला, नेहमीसारखा. लोक म्हणायचे, काय मर्यादा आहे बाईला.

"वन्सं, जरा आत चला."

"मंगळसूत्र झालं व्हय गं?"

"नाय. दुसरं काम हाय."

आत गेल्यावर सोनाबाईनं दार लोटलं आणि जांभळ्या चिंधीचा दोरा जमिनीवर सरळ पसरला. "हा वळखा."

"माजा. जांभळं झंपर, जिजाच्या बारशाचं. म्हंजे? तू आमचं माप घिऊन फिरत्येस काय गावभर?"

"तुमचाच गळा तुमाला दाखवत्ये. दुसऱ्याला नाय." सोनाबाईनं एकेका गाठीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, सातवर येईपर्यंत गौराबाईचा हात आपोआप पदराच्या वेढ्यावर गेला होता. मग सोनाबाईनं दुसरा एक दोरा त्याच्या शेजारी ठेवला, चिंधी मुठीत झाकून. एकच गाठ. पहिल्या गाठीला भिडलेली.

"ह्यो कुणाचा?"

"सांगायचं नाय, वन्सं. नेम हाय."

गौराबाईनं तिची मूठ उघडली. पोपटी. लग्नासाठी शिवलेल्या झंपराचा कपडा तिनं स्वतःच निवडला होता. ती खाली बसली, पापडाच्या पिठाचे हात साडीला पुसायचंही विसरून.

सोनाबाई तिच्यासमोर बसली.

"छाती धडधडते?" सोनाबाईनं विचारलं.

"लगीन झाल्यापासनं. रातची निजू देत नाय." गौराबाई दोऱ्याकडेच बघत होती. "बाबाला पण व्हतं. आमी भावंडं बारकी असताना तळ्यावर बाबा आंघोळ करायचा, तवा दिसायचं. आय म्हनायची, कुणाला बोलू नका, पोरांची लग्नं व्हायाची हायेत. मग त्यानं मफलर घेतला. मी पदर घेतला."

"आणि माज्या पोरीला काय घ्यायला लावता?"

गौराबाईनं पदराचा वेढा आणखी घट्ट केला.

"मंगळवारी तिचा गळा कापनार हायेत, वन्सं. काय गरज नसताना. कर्जतची डाक्टरीण म्हनत्ये, रक्ताच्या कुणाचं तरी रक्त मिळालं तर थांबवता यील. तुमी आलात तर तुमचा भाऊ यील. अक्षदाची वेळ गेली की मग कधीतरी जिजाची यील, खालापूरला, परक्या घरात. तवा तिथं कोण बोलंल?"

गौराबाईनं दोन्ही दोरे उचलले, हातात धरून पुन्हा एकदा लावून पाहिले, जणू दुसऱ्यांदा वेगळे निघतील. मग म्हणाली, "सोना, तू गिळलेला मणी लेकीच्या गळ्यात अडकला, असं म्याच सांगितलं व्हतं."

सोनाबाईनं ऐकलं. दोन वर्षांत गौराबाई किती वेळा तिच्या घरी जेवली होती. अक्षदाला जवळ घेऊन "कशी गं माजी बाय" म्हणाली होती.

"का?"

"अक्षदाचा गळा दिसाय लागला. लोक विचाराय लागले, कुणाच्यात हाय म्हनून. आज तिचा बगितला, उद्या माजा बगतील, मग जिजाचा. तू मणी गिळल्याचं कानावर आलं. म्हटलं, लोकांनी तुज्याकडं बगितलं की आमच्याकडं कोण बगत नाय." तिनं हाताचं पीठ झटकलं. "तू परक्या घरनं आल्येलीस."

एखादीनं इथं झिंज्या धरल्या असत्या. सोनाबाईनं दोरे तिच्या हातातून घेतले, एकेक गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण दाबलं.

"धाची यष्टी हाय," सोनाबाई म्हणाली. "चपला घाला."

एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या. कळंब ते कडाव सोनाबाईनं एकच सांगितलं, सहीचा कागद वाल्मिकच्या खिशात आहे. कडावच्या थांब्यावर गौराबाई खाली उतरली, ओट्यावर पान खात बसलेल्या भावासमोर जाऊन उभी राहिली आणि भर बाजारात पदराचा वेढा सोडला.

वाल्मिकच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. आठ वर्षांमागं चितेवर जळालेला बापाचा गळा त्याच्यासमोर उभा होता. लहानपणी तळ्यावर पाहिलेला, आणि पुढं आईच्या सांगण्यावरून विसरून गेलेला.

"चल," गौराबाई म्हणाली. "खिशातला कागद बायकोकडं दे आनि माज्यासंगट चल."

"कुठं?"

"सुई टोचून घ्यायला."

वाल्मिकचा हात आपल्या रुद्राक्षाकडे गेला. दोरा घट्ट झाला होता.

कर्जतला पद्मजानं दोघांचं रक्त घेतलं. वाल्मिकनं डोळे मिटले आणि बहिणीचं मनगट इतकं आवळलं की तिच्या दोन बांगड्या पिचल्या. सोमवारी दुपारी आकडे आले. पद्मजानं ते अक्षदाच्या कागदाशेजारी ठेवले. तिन्ही कागदांवर सारखंच. भात उतू चाललेला, आणि सासू अजून ओरडत असलेली. पद्मजानं ते पुन्हा एकदा ओळीनं वाचले. पुस्तकात असं घर तिनं वाचलं होतं, समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई," ती गौराबाईला म्हणाली, "पंचवीस वर्षं ही धडधड घेऊन तुम्ही पापड लाटताय?"

"मला वाटलं, सगळ्यांचीच धडधडत आसंल," गौराबाई म्हणाली.

पद्मजानं सर्जनला कागद पाठवले. संध्याकाळी सर्जनचा फोन आला. त्यांनी तिन्ही आकडे पुन्हा वाचून दाखवायला लावले. मग ते म्हणाले, तारीख रद्द करतो. आणि विचारलं, हे तुम्हाला सापडलं कसं?

"एका बाईनं पंचवीस वर्षं गळे मोजून ठेवले होते," पद्मजा म्हणाली.

मंगळवारी अक्षदा रिक्षाला उभी राहिली, गळा उघडा, कॉलेजला. जिजाचं रक्त लग्नाआधीच तपासलं, त्यातही तेच निघालं, आणि ते खालापूरच्या मुलाला जिजानंच सांगितलं. त्यानं विचारलं, यानं मरतं काय? ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग पत्रिका छापायला टाकल्यात त्या तशाच राहू देत. सोनाबाईनं मंगळसूत्र गाठवून दिलं, जरा ऐसपैस. गौराबाई न्यायला आली तेव्हा दोघींनी चहा घेतला. बोलणं फारसं झालं नाही. त्यानंतर माप वाढलेल्या एकाही बाईला सोनाबाई सुखात हायेस असं म्हणाली नाही. ती आता विचारते, छाती धडधडते काय?

दीड महिन्यानं जनुकाची तपासणी आली. अक्षदा, वाल्मिक, गौराबाई आणि जिजा, चौघांत एकाच जागी एकच बदल.

सोनाबाईनं मणी गिळला नव्हता. मणी चिरला होता. तो तिनं त्याच दिवशी गुरवाच्या हातात दिला होता आणि तो देवळाच्या पेटीत फडक्यात बांधलेला आहे. अक्षदाच्या गळ्यातली गाठ तिला बापाकडून आली, बापाला आणि आत्याला कमळ्यातात्याकडून.